तीन केव्हीएम बदलले तरी पट्टे तसेच: रबाळ्याच्या एका लॅबमधलं प्रकरण

मी ऐरोलीत राहतो आणि ठाणे-बेलापूर रोडच्या आजूबाजूच्या छोट्या युनिट्सची कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे अशी एएमसीची (वर्षभराच्या देखभाल कराराची) कामं करतो. गेल्या जुलैत रबाळे एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिक पॅकेजिंग बनवणाऱ्या युनिटमधून फोन आला, तिथं माझी एएमसी नव्हती, कुणीतरी नंबर दिला होता. मालक म्हणाले, "अहो, सहा महिन्यांत तीन केव्हीएम स्विच झाले, तिसराही तसाच करतोय, आता चौथा घेण्याआधी एकदा बघून जा." केव्हीएम म्हणजे एकाच मॉनिटर आणि कीबोर्ड-माउसवरून अनेक पीसी वापरू देणारा बॉक्स. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण यात जे सापडलं ते मला वाटतं अर्ध्या एमआयडीसीत असेल, आणि ते नुसतं स्क्रीन नीट दिसण्यापुरतं नाहीये, माणसाच्या जिवाशी संबंध आहे त्याचा.

आधी तिथली मांडणी सांगतो, कारण सगळं त्यातच दडलेलं होतं. क्वालिटीची लॅब म्हणजे साधारण बारा बाय पंधराची खोली, पलीकडं पार्टिशन आणि पार्टिशनच्या मागं डिस्पॅच. लॅबमध्ये एक टेन्साइल मशीन, म्हणजे फिल्मची पट्टी दोन जॉमध्ये पकडून ओढतात आणि किती जोरावर तुटते ते मोजतात. त्या मशीनचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपीवर चालतं, म्हणून एक जुना पीसी त्याच्या शेजारी, सिरीयल केबलनं जोडलेला, त्याला आपण एक नंबर म्हणू. दोन नंबर विंडोज १० चा, त्यावर रिपोर्ट बनतात. तीन नंबर पार्टिशनच्या पलीकडं, लेबल प्रिंटरचा. चार नंबर म्हणजे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, एनव्हीआर. टेबलावर जागा नाही म्हणून एकच मॉनिटर, एकच कीबोर्ड-माउस आणि मध्ये चार पोर्टचा व्हीजीए-यूएसबी केव्हीएम, म्हणजे चित्र व्हीजीए केबलनं आणि कीबोर्ड-माउस यूएसबीनं. लॅबमधल्या ताई एकट्याच दिवसभर यावर काम करतात.

तक्रारी अशा होत्या. एक नंबरच्या स्क्रीनवर आडवे फिकट पट्टे झरझर वर सरकतात, डोळे दुखतात. दोन नंबरवर अक्षरं फुगलेली, रिझोल्युशन १०२४ बाय ७६८ च्या वर जात नाही, मॉनिटर मात्र १६०० बाय ९०० चा. तीन नंबरवर असताना माउस मध्येच मरतो, टुंग-टाँग आवाज येतो आणि पाच-दहा सेकंदांनी परत जिवंत होतो. एनव्हीआरवर गेलं की कधी चित्र येतं, कधी काळं. आणि एक शेवटची तक्रार, जी मालकांनी सहज सांगितली आणि मी सुरुवातीला नीट ऐकलीच नाही, ती अशी की दुसरा जो बॉक्स आणला होता तो "शॉर्ट" होता, हात लावला की करंट मारायचा, म्हणून दुकानदाराला परत केला.

आधीच्या माणसानं काय केलं ते समजून घेतलं. त्यानं चांगलंच काम केलं होतं खरं तर, म्हणजे प्रत्येक पीसीला मॉनिटर आणि कीबोर्ड-माउस थेट लावून बघितला होता, थेट लावलं की एक नंबरचे पट्टे गायब, तीन नंबरचा माउस ठीक, मग निष्कर्ष काय, केव्हीएम खराब. कुणीही हेच म्हणेल. मीही पहिला अर्धा तास हेच म्हणत होतो. पण तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन बॉक्स सगळे एकाच प्रकारे खराब निघतील हे पटत नव्हतं, आणि यातलं खरं कोडं हेच होतं की बॉक्स काढला की बिघाड जातो, मग बॉक्स निर्दोष कसा.

सुरुवात सोप्यापासून केली, दोन नंबरच्या रिझोल्युशनपासून. मॉनिटरच्या आत एक छोटी मेमरी असते, त्यात तो स्वतःची माहिती ठेवतो, मी कोण, मला किती रिझोल्युशन चालतं वगैरे, त्याला ईडीआयडी म्हणतात, मूळ ब्लॉक फक्त १२८ बाइटचा असतो. व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी १२ आणि १५ या दोन पिनांवरून पीसी ती माहिती वाचतो. वाचता आली नाही तर विंडोजला समोर कोण आहे ते कळत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये "जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर" असं दिसतं आणि बिचारं घाबरत घाबरत लहान रिझोल्युशन देतं. इथं तेच दिसत होतं. स्वस्त केव्हीएममध्ये आणखी एक भानगड असते, ज्या पोर्टवर स्विच आहे त्यालाच ईडीआयडी मिळतो, त्यामुळं पीसी चालू होताना स्विच दुसऱ्या पोर्टवर असेल तर तो पीसी आंधळाच उठतो. मला वाटलं हेच असणार, म्हणून दोन नंबरवर स्विच ठेवून पीसी रिस्टार्ट केला, दोनदा केला, तीनदा केला, काही फरक नाही, यात चांगला पाऊण तास गेला.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं, केबलची अदलाबदल. दोन नंबरची केबल तीनच्या पोर्टला आणि पीसी तीनला, तीनची दोनला. फुगलेली अक्षरं केबलबरोबर तीन नंबरवर गेली. म्हणजे पोर्ट नाही, पीसी नाही, केबल. बघितलं तर केव्हीएमबरोबर आलेली केबल पुरली नाही म्हणून कुणीतरी मध्ये पाच मीटरचं व्हीजीए एक्स्टेंशन घातलं होतं. मल्टीमीटर बीपवर ठेवून एकेक पिन तपासली, रंगाच्या १, २, ३ ठीक, सिंकच्या १३ आणि १४ ठीक, १२ ला बीप नाही, १५ ला बीप नाही. वायरच नव्हती आत. अशा केबल बाजारात भरपूर मिळतात, चित्र येतं म्हणून गिऱ्हाइकाला कळत नाही. कनेक्टरमध्ये डोळ्यांनी पिना बघून भागत नाही हे लक्षात ठेवा, पिन असते पण तिच्यामागं तार नसते, आणि ९ नंबरची पिन नसणं हे मात्र बऱ्याच केबलमध्ये चालतं, त्यावरून केबल वाईट ठरवू नका. पूर्ण वायरिंगची केबल घातली, दोन नंबर लगेच १६०० बाय ९०० वर आला.

एनव्हीआरचंही पटकन सांगून टाकतो. त्याच्या एचडीएमआयला एक छोटा एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लावला होता. तो कन्व्हर्टर एचडीएमआयच्या १८ नंबर पिनेवरून पाच व्होल्ट घेतो, आणि तिथून हमखास मिळेल असा करंट म्हणजे फक्त ५५ मिलीअँपियर, बऱ्याच कन्व्हर्टरना त्याहून जास्त लागतो, मग कधी चालतं कधी नाही. एनव्हीआर फिरवून बघितला तर मागं साधं व्हीजीए आउटपुट होतंच. कन्व्हर्टर काढून खिशात टाकला, विषय संपला.

आता पट्टे.

पीसी बंद करून केबल मोकळ्या करायच्या म्हणून एक नंबर शटडाऊन केला आणि पुन्हा चालू केला तर काळ्या स्क्रीनवर कीबोर्ड एरर, एफ वन दाबा. दाबतोय तर काहीच होत नाही. ताई म्हणाल्या, "दादा, हा पीसी आम्ही कधी बंदच करत नाही, बंद केला की सुरू होत नाही." बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता, त्यामुळं वीज गेली की बायोस (पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) आपल्या मूळ सेटिंगवर जायचं, आणि त्या जुन्या बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड सपोर्ट मुळात बंद. केव्हीएमचा कीबोर्ड यूएसबीचा, बायोसला तो दिसतच नाही आणि एफ वन मागतंय. पीसी बंद केला, बॅगेतला पीएस/टू, म्हणजे जुन्या गोल पिनेचा कीबोर्ड जांभळ्या पोर्टला लावला (पीएस/टू चालू पीसीला कधी लावू नका, तो काढ-घाल करण्यासाठी बनलेलाच नाहीये, पोर्ट जायची भीती असते), सेल बदलला, मग पीसी चालू करून बायोसमध्ये यूएसबी कीबोर्ड चालू केला. हा केव्हीएमचा बिघाड नव्हता पण आधीच्या माणसाच्या वहीत तोही बॉक्सच्याच नावावर लिहिलेला होता.

पट्ट्यांसाठी मी पद्धत अशी ठेवली की केव्हीएमला फक्त एक नंबर आणि मॉनिटर, बाकी सगळं काढून. स्क्रीन एकदम स्वच्छ. म्हणजे केव्हीएम मध्ये असूनही पट्टे नाहीत. इथंच बॉक्स निर्दोष सुटला खरं तर. मग स्विच एक नंबरवरच ठेवून दोन नंबरची केबल फक्त खोचली, तिच्यावर स्विच केलं नाही. फिकटसे पट्टे आले. तीन नंबरची खोचली, पट्टे वाढले. एनव्हीआरची खोचली, काही फरक नाही. परत काढली, परत लावली, प्रत्येक वेळी तेच. मी ताईंनाही दाखवलं, म्हटलं बघा, आपण ज्याच्याकडं बघतच नाहीयोत तो पीसी आपलं चित्र बिघडवतोय.

हे महत्त्वाचं आहे म्हणून थोडं थांबून सांगतो. केव्हीएम जेव्हा पोर्ट बदलतो तेव्हा तो चित्राच्या तारा बदलतो, कीबोर्ड-माउसचा डेटा बदलतो, पण ग्राउंड बदलत नाही. चारही केबलींचे ग्राउंड आणि शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) बॉक्सच्या आत कायम एकमेकांना जोडलेले असतात, स्विच कुठंही असो. म्हणजे तुम्ही चार पीसी एका केव्हीएमला लावले की चारही कॅबिनेटं लोखंडी तारेनं एकमेकांना बांधल्यासारखी झाली. थेट मॉनिटर लावून तपासलं की ही बांधणीच सुटते, मग बिघाडही जातो आणि आळ येतो बॉक्सवर. आधीच्या माणसाची तपासणी चुकीची नव्हती, पण त्या तपासणीत एकाच वेळी दोन गोष्टी बदलत होत्या, बॉक्स आणि बांधणी, आणि त्याला एकच दिसत होती.

न निवडलेला पीसी चित्र बिघडवतोय म्हणजे ग्राउंडमधून काहीतरी वाहतंय. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आणि मॉनिटर ६० वर रिफ्रेश होतो, त्यामुळं विजेची गुणगुण ग्राउंडमध्ये शिरली तर सेकंदाला दहा वेळा पट्टा स्क्रीनवरून पळतो, म्हणून तो सावकाश सरकणारा न दिसता झरझर, लुकलुकल्यासारखा दिसतो. ज्यांनी एकदा बघितलाय ते ओळखतात. म्हटलं अर्थिंग बघायला पाहिजे, वायरमनला बोलवा.

कंपनीचे वायरमन काका आले, अनुभवी माणूस, म्हणाले, "अर्थिंग मी मागच्याच महिन्यात चेक केलीय, या बोर्डावर चेक केलीय." आणि समोर मीटर लावून दाखवलं. दोन आणि तीन नंबरचे पीसी आणि लेबल प्रिंटर ज्या एक्स्टेंशन बोर्डवर होते त्यावर फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ दोन व्होल्ट. एकदम पुस्तकातलं रीडिंग. मी गप्प बसलो, कारण आकडे खरंच बरोबर होते.

तेवढ्यात ताईंनी जे सांगितलं त्यानं सगळं उलगडलं. मी त्यांना विचारलं होतं की तो दुसरा बॉक्स करंट मारायचा म्हणता तो रोज मारायचा का. त्या थोडा वेळ आठवत राहिल्या आणि म्हणाल्या, "नाही ओ, दोनच दिवस. तेव्हा टेन्साइलचं कॅलिब्रेशन होतं, त्या माणसानं एक नंबरला आपला वेगळा मॉनिटर लावला होता." म्हणजे त्या दोन दिवसांत एक नंबरची केबल केव्हीएममधून काढलेली होती. हा दुसरा बॉक्स लोखंडी पत्र्याचा होता, पहिला आणि तिसरा प्लॅस्टिकचे. तिसरा बॉक्स आला तेव्हा कॅलिब्रेशन संपून एक नंबर परत जोडला गेला होता, करंट थांबला, आणि सगळ्यांची खात्री पटली की दुसरा बॉक्स शॉर्टच होता.

मी काकांना म्हटलं, काका, आता मी एक नंबरची व्हीजीए आणि यूएसबी दोन्ही केव्हीएममधून काढतो, तुम्ही परत त्याच बोर्डवर मीटर लावा. लावलं. फेज-अर्थ ११७. न्यूट्रल-अर्थ ११२. काकांनी मीटर झटकला, लीड बदलल्या, परत तेच. केबल परत खोचली, २२९ आणि दोन. काढली, ११७ आणि ११२. काका माझ्याकडं बघायला लागले आणि मग काही न बोलता त्यांनी बोर्डचा प्लग भिंतीतून काढला आणि स्क्रू खोलायला घेतले.

बोर्डला तीन पिनांचे सहा सॉकेट, प्लगही तीन पिनांचा जाडजूड, आणि मधली वायर दोन कोरची. फेज आणि न्यूट्रल, बस्स. हिरवी तार नावालाही नाही. आतमध्ये सहाही सॉकेटच्या अर्थच्या पिना पत्र्याच्या पट्टीनं एकमेकांना जोडलेल्या, पण ती पट्टी भिंतीपर्यंत कुठंच जात नव्हती. त्याच्या आदल्या पावसाळ्यात जुना बोर्ड जळाला म्हणून कुणीतरी जवळच्या दुकानातून आणला होता. बाहेरून बघून कुणालाही कळणार नाही, मलाही कळलं नाही.

आता ११७ कुठून आले ते सांगतो. पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून कॅबिनेटकडं एकेक छोटा कपॅसिटर असतो, फिल्टरसाठी, तो हवाच असतो. अर्थ जोडलेला असेल तर त्यातून येणारा किंचितसा करंट जमिनीत जातो, कुणाला पत्ता लागत नाही. अर्थ नसेल तर ते दोन कपॅसिटर मिळून २३० चे सरळ दोन भाग करतात आणि कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो, आम्ही मीटर सिरीजमध्ये घालून मोजला तर दोन पीसी आणि प्रिंटर मिळून सव्वा मिलीअँपियरच्या आसपास, पण साधारण अर्धा ते एक मिलीअँपियरपासून माणसाला मुंग्या जाणवतात, ताईंना जे चावायचं ते हेच.

एक नंबरचा पीसी मात्र थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये होता, त्याची अर्थिंग उत्तम. मॉनिटर आणि एनव्हीआर दोन पिनांच्या अडॅप्टरवर, त्यांचा यात संबंध नाही, म्हणून एनव्हीआरची केबल लावल्या-काढल्यानं फरक पडत नव्हता. म्हणजे दोन नंबर, तीन नंबर आणि लेबल प्रिंटर या तिघांचा सगळा गळका करंट त्यांच्या व्हीजीए केबलच्या शिल्डमधून केव्हीएममध्ये, तिथून एक नंबरच्या व्हीजीए केबलच्या शिल्डमधून एक नंबरच्या कॅबिनेटला आणि तिथून भिंतीतल्या अर्थला जात होता. लॅबच्या अर्ध्या सामानाची अर्थिंग एका व्हीजीए केबलवर चालली होती, महिनोन्महिने. त्याच केबलमधून चित्राचा सिग्नलही जातो आणि तो सिग्नल असतो जेमतेम ०.७ व्होल्टचा, त्यात पट्टे पडणारच. आणि काकांचं रीडिंग बरोबर आलं कारण मीटरला अर्थ मिळत होता, फक्त तो बोर्डच्या वायरीतून नाही तर दोन नंबरच्या कॅबिनेटमधून, केव्हीएममधून फिरून येत होता.

मला इथं खरंच काळजी वाटली, पट्ट्यांची नाही. समजा लेबल प्रिंटरच्या किंवा पीसीच्या सप्लायमध्ये खराखुरा शॉर्ट झाला असता, फेज कॅबिनेटला चिकटली असती, तर तो फॉल्ट करंट त्या केसासारख्या शिल्डमधून गेला असता, शिल्ड वितळू शकली असती, आणि मग कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहिले असते, एमसीबी न पडता. पावसाळ्यात लॅबची फरशी ओली असते, ताई दिवसातून पन्नास वेळा त्या कॅबिनेटला, त्या बॉक्सला हात लावतात. ही गोष्ट मी मालकांना खोलीत नेऊन वेगळी सांगितली. त्यांनी ऐकलं, लगेच काकांना बोलावलं आणि लॅबच्या लाइनवर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवायला सांगितलं, तो पुढच्या आठवड्यात बसला. ज्यांना वायरिंगची माहिती नाही त्यांनी हे मोजमाप स्वतः करू नका, वायरमनलाच करू द्या, पण त्याला एक सांगा की बोर्डवरची उपकरणं आणि त्यांच्या सगळ्या केबल काढून मग अर्थ तपास. सगळं जोडलेलं असताना घेतलेलं रीडिंग फसवतं.

काकांनी तीन कोरच्या वायरचा नवा बोर्ड तिथंच बसून बनवला, मग बोर्डचा प्लग भिंतीतून काढून, दोन नंबरच्या कॅबिनेटपासून त्या प्लगच्या अर्थ पिनेपर्यंत कंटिन्युइटी बघितली, एक ओहमच्या आत. सगळं परत जोडलं, चारही केबल, स्विच एक नंबरवर. पट्टे गेले. एक नंबरची केबल काढून बोर्डवर मोजलं तरी २२९ आणि दोन. आता ते खरं रीडिंग.

राहिला तीन नंबरचा माउस. ताईंच्या म्हणण्यानुसार तो बहुतेक टेन्साइलचा जॉ वर जायला लागला की मरायचा. टेन्साइलच्या मोटरच्या ड्राइव्हमधून बराच विजेचा गोंगाट निघतो, सिरीयल केबलवरून तो एक नंबरच्या ग्राउंडला यायचा आणि मग त्याच शिल्डच्या वाटेनं सगळीकडं पसरायचा, यूएसबीला एवढा धक्का पुरतो, डिव्हाइस सुटून परत जोडलं जातं. अर्थ दुरुस्त झाल्यावर दिवसाला आठ-दहा वेळा मरणारा माउस दोन-तीन वेळांवर आला. पूर्ण थांबला नाही. मी पुढच्या दिवशी परत गेलो, कारण कमी झालं म्हणजे झालं असं म्हणून निघालो असतो तर पंधरा दिवसांत मालकांनी चौथा बॉक्स आणलाच असता.

पार्टिशनमुळं तीन नंबरला केव्हीएमची तीन मीटरची यूएसबी केबल, तिला तीन मीटरचं साधं एक्स्टेंशन, आणि तेही पीसीच्या पुढच्या पोर्टला, म्हणजे आतून आणखी फूट-दीड फूट वायर. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरपर्यंत धरलेली असते, इथं सहाच्या वर, मध्ये एक सैल जोड. आणि हे सगळं छान झिप टायनं टेन्साइलच्या मोटर केबलला बांधलेलं, दिसायला नीटनेटकं, पण सिग्नलची केबल पॉवरच्या केबलला मीटरभर चिकटून चालवायची नसते, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडायची. ताईंच्या परवानगीनं पीसी पार्टिशनच्या अलीकडं टेबलाखाली आणला, लेबल प्रिंटर डिस्पॅचलाच राहिला कारण तो लॅनवर जाऊ शकत होता. आता एकच तीन मीटरची केबल, पीसीच्या मागच्या पोर्टला, मोटर केबलपासून हातभर लांब भिंतीच्या बाजूनं. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवायची सोय) बंद केलं. त्यानंतर आठवडाभर ताईंनी कॅलेंडरवर खुणा करायच्या ठरवलं होतं, एकही खूण झाली नाही.

जाता जाता एक गोष्ट आणखी निघाली, लेबलवरचा बारकोड तपासायचा स्कॅनर कुणीतरी छोट्या हबनं केव्हीएमच्या कीबोर्ड पोर्टला लावला होता. स्कॅनर पीसीला कीबोर्डसारखाच दिसतो, पण केव्हीएमचा कीबोर्ड पोर्ट कीबोर्डची नक्कल करणारा असेल तर त्याला हब आणि दोन-दोन डिव्हाइस झेपतीलच असं नाही, त्यात स्विच भलत्या पोर्टवर असेल तर बारकोडचे आकडे रिपोर्टमध्ये जाऊन पडतात, आणि तसे पडलेही होते दोनदा. स्कॅनर सरळ तीन नंबरला लावला.

सगळ्या केबलींच्या दोन्ही टोकांना पीसीचा नंबर लिहिलेली पट्टी चिकटवली आणि केव्हीएमच्या बाजूला एक कागद लावला, त्यावर कुठला पीसी कुठल्या सॉकेटवर आहे ते लिहिलं. केव्हीएमचा नकाशा काढताना आपण व्हीजीए-यूएसबी काढतो, पॉवर कुठून येते ते कुणी काढत नाही, या प्रकरणात तोच कागद आधी असता तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं की एक नंबर भिंतीवर आणि बाकीचे बोर्डवर आहेत.

मालकांनी दुकानदाराला फोन करून विचारलं, तो परत केलेला पत्र्याचा बॉक्स अजून त्याच्याकडं पडून होता, "डिफेक्टिव्ह" लिहिलेला. तो आणून लावला, एक नंबरची केबल मुद्दाम बाहेर ठेवून. मीटर आधी मी लावला, पत्रा ते भिंतीचा अर्थ, शून्याच्या जवळ. मग ताईंनी हात ठेवला, आधी बोटाचं टोक, मग पंजा. तोच बॉक्स आता तिथं चालतोय, प्लॅस्टिकचा कपाटात स्पेअर म्हणून आहे. आणि वायरमन काकांनी त्यानंतरच्या रविवारी अख्खं युनिट फिरून प्रत्येक एक्स्टेंशन बोर्ड उघडला, दोन कोरचे आणखी चार निघाले, एक पाणी प्यायच्या कूलरला होता.